केव्ह स्टोरी : जो काळ आपण जगलोच नाही, त्याची ओढ कशी लागते?

प्रश्न : आठ-बिट कन्सोल, म्हणजे जुनं व्हिडिओ गेमचं यंत्र, मी लहानपणी कधी हातातही धरला नाही. तरी ‘केव्ह स्टोरी’ खेळताना हरवलेलं काही सापडल्यासारखं वाटतं. मोठाले पिक्सेल आणि चिपट्यून (जुन्या गेमच्या चिपसारखं टिंगटिंग संगीत) तर ढीगभर गेममध्ये असतात, ते मी अर्ध्या तासात सोडून देते. मग इथे वेगळं काय आहे?

उत्तर १ : बंदूक! शत्रू मेला की पिवळे त्रिकोण टणाटण उडत पसरतात. ते वेचले की पोलर स्टार, म्हणजे सुरुवातीची बंदूक, लेव्हल तीनपर्यंत चढते. फटका बसला की जिवासोबत बंदुकीची ताकदही उतरते, म्हणजे ऐन अडचणीत गोळी मिळमिळीत. हे कुणी समजावत बसत नाही, बोटांनाच कळतं. मशीनगन पूर्ण चढली की जमिनीकडे रोखून झाडत राहा, धक्क्याने तुम्हीच वर उचलले जाता. नेमेसिस नावाच्या बंदुकीचं उलटं : लेव्हल वाढेल तशी ती दुबळी होते आणि शेवटी गोळ्यांऐवजी रबरी बदकं निघतात. असा गेम करणाऱ्यावर माझा फार जीव आहे.

उत्तर २ : करणारा एकटाच होता, म्हणून तर! दाइसुके अमाया, टोपणनाव ‘पिक्सेल’. कोड, चित्रं, संगीत, कथा सगळं त्याचं. सुमारे पाच वर्षं खपून त्याने २००४मध्ये हा गेम फुकट वाटला.

उत्तर ३ : मी मात्र तो काळ खेळलोय. एनईएसला, म्हणजे निन्टेंडोच्या आठ-बिट कन्सोलला, पडद्याच्या एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट (हलणारी छोटी चित्रं) दाखवता यायचे. गर्दी झाली की शत्रू लुकलुकायचे, नेमका गोळी घालणारा दिसेनासा व्हायचा. ‘शोव्हेल नाइट’ या जुन्या धाटणीच्या नव्या गेमने (२०१४) रंग बरेचसे त्या काळाचे ठेवले, लुकलुक मात्र मुद्दाम टाळली. असे गेम जुना काळ जसाच्या तसा देत नाहीत, त्यातलं खेळायला चांगलं तेवढं निवडून देतात. म्हणून तो न जगलेल्यालाही ते आपले वाटतात.

प्रश्नकर्ती : पटलं. शिवाय नायकालाही मागचं काही आठवत नसतं, त्यामुळे आम्ही दोघं बरोबरीने निघालो. आता गेममधली कर्ली पोलर स्टारच्या बदल्यात मशीनगन देते आहे. घेऊ?

उत्तर १ : या खेपेला घ्या, उडण्याची मजा चुकवू नका. पुढच्या खेपेला मात्र नाही म्हणा, आणि शेवट जवळ आला की पोलर स्टार जिथून उचलली त्या गुहेत जाऊन या.