सिडरच्या (हलकं लाकूड) पट्ट्यांची ओसी-१ (बाजूला तरंगता आधार असलेली एकट्याची कनू) हलकी कशी ठेवायची?

होनोलुलूकर: इथे हवाईत क्लबबरोबर सहाजणांची कनू मारतो, आता एकट्यासाठी ओसी-१ घरीच बांधायचीय, सिडरच्या पट्ट्या, वरून फायबरग्लास. रेसवाल्या कार्बनच्या १० किलोच्या आसपास असतात, माझी किती होईल? आणि आमा (बाजूचा तरंगता आधार) डावीकडेच का?

समुद्रवेडा: कार्बनइतकी हलकी नाही होणार, पण मस्त होईल! वजन लाकडापेक्षा इपॉक्सीनेच (कापड चिकटवायची राळ) जास्त वाढतं, कापड भिजलं की उरलेली स्क्वीजीने (रबरी पट्टीने) ओढून काढायची, चकचकीत दिसावं म्हणून थरावर थर अजिबात नको. शेवटी यूव्हीवालं वार्निश मात्र हवंच, नुसती इपॉक्सी उन्हात टिकत नाही. आमा डावीकडे ही तिथली रीतच आहे.

मालवणी_पॅडल: आमा मुख्य बोटीला समांतर बसव, तिरका बसला तर पाणी ओढतो आणि बोट एका बाजूला पळते. आपल्याकडे कोकणातल्या होडीला उलांडी असते तेच तत्त्व, फक्त इथे वेगासाठी. वजन कायम डावीकडे ठेव, आमा उचलला की हुली झालीच (बोट उलटलीच) म्हणून समज, पाण्यात पडून परत चढायची प्रॅक्टिस किनाऱ्याजवळ कर आणि लीश (तुला बोटीशी जोडणारी दोरी) बांधल्याशिवाय बाहेर जाऊ नकोस, वाऱ्यात रिकामी बोट पोहून गाठता येत नाही रे.

होनोलुलूकर: लीश आजच घेतो. इयाकोसाठी (आमा बोटीला जोडणारे दांडे) लाकूड की ॲल्युमिनियमचा पाइप?

समुद्रवेडा: पहिल्या बोटीला पाइप. अँगल बदलून बघता येतो.