शॉर्टकट, आडवाट की खूण?

विचारणा: तात्यांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. त्यांच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स आहे, ग्नोम नावाच्या डेस्कटॉपचं. फोल्डर उघडले की डावीकडच्या पट्टीत दस्तऐवज, संगीत, चित्रं, व्हिडिओ ओळीनं दिसतात. तात्यांना तिथे हव्यात फवारणीच्या नोंदी आणि सातबारा. बदल करून देईन, पण त्यांना सांगताना काय म्हणू? 'शॉर्टकट' म्हटलं की त्यांना कंट्रोल-सी आठवतं. 'आडवाट' चालेल का?

उत्तर: आडवाट नको. आडवाट म्हणजे रहदारी नसलेली वाट, ती जवळची असेलच असं नाही. चोरवाटेत लपवाछपवी आली. जुन्या नाशकात मेनरोडचा वळसा वाचवायला आपण 'बोळातून जा' सांगतो, तो अर्थ जास्त जवळचा. तरी मी 'खूण' म्हणेन. पुस्तकातली खूण काढली म्हणून पान फाटत नाही. इथेही खूण काढली तरी फोल्डर जागेवरच राहतो, आणि काही पुसलं जाईल ही भीती असलेल्या माणसाला हे शब्दातूनच कळतं. फवारणीचा फोल्डर उघडून कंट्रोल-डी दाबा, झाली खूण.

दुसरं उत्तर: खूण पटली. पण संगीत, व्हिडिओ या खुणा नव्हेत, त्या यंत्रणेनं नेमून दिलेल्या जागा. अशा आणखीही असतात. कॉन्फिग नावाच्या लपलेल्या फोल्डरात 'युजर-डर्स' ही साधी मजकुराची फाइल आहे, तिच्यात प्रत्येकीचा पत्ता लिहिलेला असतो. संगीताचा पत्ता बदलून थेट होम फोल्डर, म्हणजे वापरणाऱ्याचा मूळ फोल्डर, दिला, की पुढच्या लॉगिनला ते नाव पट्टीतून जातं. म्हणून 'डिफॉल्ट'ला इथे 'पूर्वनिर्धारित' नको, 'नेमलेली जागा' म्हणा. नेमणूक बदलता येते हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.
शिवाय 'दस्तऐवज' ऐकलं की खरेदीखत डोळ्यांपुढे येतं. त्यापेक्षा 'कागदपत्रं' बरं.

विचारणा करणारा: 'खूण' आणि 'नेमलेली जागा' तात्यांना लगेच कळले. अडलं ते 'पट्टी'वर. त्यांच्यासाठी पट्टी म्हणजे माल विकल्यावर व्यापारी देतो ती हिशेबाची चिठ्ठी. मग मी 'डावा समास' म्हटलं. वहीच्या समासात खुणा करायची सवय त्यांना शाळेपासूनची. सातबाराची खूण त्यांनी स्वतःच केली.