कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) पाळूनही उत्तर चुकतंय. बेरीज आधी की वजाबाकी?

लसावि
पदावली आहे १८ − ६ + ४. कंचेभागुबेवमध्ये 'बे' आधी आणि 'व' नंतर, म्हणून ६ + ४ = १०, मग १८ − १० = ८. उत्तरसूचीत १६ दिलंय. सूची चुकलीय का?

बाकी_शून्य
सूची बरोबर आहे. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवरच्या क्रिया. डावीकडून जी आधी लागेल ती आधी. १८ − ६ = १२, १२ + ४ = १६.

'बे' आधी करायचाच हट्ट असेल तरी हरकत नाही, पण चिन्हासकट करा. संख्येच्या डावीकडचं चिन्ह त्या संख्येचं: +१८, −६, +४. अधिकवाल्या आधी एकत्र, १८ + ४ = २२; मग ६ वजा, १६. तुम्ही ६ + ४ केलंत तिथे ४ मिळवायचे सोडून वजा झाले. म्हणून तर उत्तर ८ ने, म्हणजे ४ च्या दुपटीने कमी आलं.

लसावि
अच्छा! मग 'भागु'चंही असंच?

त्रैराशिक
पायरी एकच, पण तिथे भागाकार आधी केला तरी उत्तर बिघडत नाही. ५ × ६ ÷ १० घ्या. डावीकडून ३० ÷ १० = ३. आधी ६ ÷ १० केलं तर ३/५, त्याला ५ ने गुणून पुन्हा ३. फक्त मधेच अपूर्णांक उपटतो आणि मुलं अडतात. बिघडतं ते गुणाकार आधी उरकल्यावर: २४ ÷ ४ × २ चं १२ ऐवजी ३ होतं. 'पेमडास' (क्रियांच्या क्रमाचं इंग्रजी सूत्र) पाठ केलेले हमखास इथे घसरतात, कारण त्यात गुणाकाराचं अक्षर आधी आहे.

'चे' मात्र खरोखर वरच्या पायरीवर. ३६ ÷ १२ चा १/३ : आधी १२ चा १/३ = ४, मग ३६ ÷ ४ = ९. 'चा'च्या जागी × असता तर ३ × १/३ = १.

बाकी_शून्य
घातांकाला या सूत्रात अक्षरच नाही! तो कंसानंतर लगेच सोडवायचा. २ × ३² = १८, ३६ नव्हे. −३² = −९, आणि (−३)² = ९. एक्सेलमध्ये −३^२ दिलं तर ९ येतं, तिथे ऋण चिन्ह घाताच्या आधी लागतं. वहीतलं उत्तर त्यावर ताडून पाहू नका. साध्या कॅल्क्युलेटरवरही नको. २ + ३ × ४ दाबलं की बरेचसे २० दाखवतात, कारण प्रत्येक बटणासरशी ते आधीचं उरकून टाकतात.

लसावि
आणि ते फिरणारं कोडं, ८ ÷ २(२ + २)?

त्रैराशिक
त्यात मांडणीच संदिग्ध आहे. २(२ + २) हा एक गठ्ठा धरला तर १, साधा गुणाकार धरून डावीकडून गेलं तर १६. सायंटिफिक कॅल्क्युलेटरांचंही यावर एकमत नाही. स्वतः लिहिताना (८ ÷ २) × (२ + २) किंवा ८ ÷ [२ × (२ + २)] असा कंस घाला.