मदत हवी आहे: पंतानीचं गाव, पियादिना आणि माझे शाकाहारी बाबा

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी बाबांना घेऊन इटलीला जायचं ठरवलंय. बाबांचं वय ६८. गुडघे बरे आहेत आणि रोज सकाळी अजून सायकल चालवतात. दोन टूरवाल्यांना विचारलं, दोघांनी रोम-फ्लोरेन्स-व्हेनिसची तयार पत्रकं पाठवली. बाबांना त्यातलं काहीच नको आहे. त्यांना चेझेनातिको बघायचंय, म्हणजे इटलीचा सायकलपटू मार्को पंतानी याचं गाव. म्हणून इथे विचारतेय.

थोडं आमच्याबद्दल सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल. बाबा मूळचे खोपोलीचे. मुंबई-पुणे सायकल शर्यत बोरघाटात शिरायची तेव्हा लहानपणी ते पाण्याची कळशी घेऊन वळणावर उभे राहायचे आणि चढणाऱ्यांच्या डोक्यावर पाणी ओतायचे. ‘घाटाचा राजा’ कोण झाला हे संध्याकाळपर्यंत घरोघरी कळलेलं असायचं. पुढे आम्ही चिंचवडला आलो. तिथे आमचं पोळी-भाजी केंद्र होतं, पूर्ण २२ वर्षं. आई पोळ्या लाटायची, बाबा भाज्या करायचे आणि डबे सायकलवरून पोचवायचे.

१९९८ साली पेपरात मार्को पंतानीचा फोटो आला होता. डोक्याला रुमाल, कानात डूल, हँडलच्या खालच्या दांड्या धरून सीटवरून उठून घाट चढतोय. त्या वर्षी त्याने जिरो दितालिया (इटलीची मोठी सायकल शर्यत, थोडक्यात ‘जिरो’) आणि तूर द फ्रान्स (फ्रान्सची, थोडक्यात ‘तूर’) या दोन्ही शर्यती जिंकल्या. ते कात्रण बाबांनी केंद्राच्या हिशेबाच्या वहीत ठेवलं, ते आजही तिथेच आहे. त्यानंतर एका वर्षात दोन्ही जिंकणारा थेट २०२४ मध्ये पोगाचार निघाला. त्या रात्री बाबांनी कात्रण काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं होतं.

मग मी त्यांना पंतानीबद्दल जे मिळेल ते वाचून दाखवायला लागले. त्यात आलं की चेझेनातिकोमध्ये त्याच्या आईची पियादिनाची टपरी होती. पियादिना म्हणजे काय, असं बाबांनी विचारलं. मी फोटो दाखवला. तव्यावर भाजलेली, काळे डाग पडलेली, दुमडून आत काहीतरी भरलेली. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे पोळीवालीचा मुलगा."

आईला जाऊन चार वर्षं झाली. मला त्यांना त्या गावात नेऊन ती पोळी खाऊ घालायची आहे. बाकी सहल त्याभोवती बसवायची.

आता अडचण अशी की पियादिनाच्या पिठात डुकराची चरबी घालतात असं वाचलं. बाबा पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही नाही. कांदा-लसूण चालतो. कळल्यावर ते खाणार नाहीत आणि त्यांच्यापासून लपवून मी देणार नाही. चरबीशिवायची पियादिना त्या गावात खरंच मिळते का? मिळत असेल तर विचारायची कशी?

दुसरं म्हणजे बाबांची वही. गेली सात-आठ वर्षं ते जिरो बघताना प्रत्येक गावापुढे दोन रकाने करतात. एकात चढ, दुसऱ्यात ‘इथले लोक काय खातात’. फ्रान्समध्ये पॅरिस-ब्रेस्त शर्यतीवरून चाकाच्या आकाराचा केक निघाला, १९१० साली लुई द्युराँ नावाच्या हलवायाने केला, हे त्यांनी पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय. इटलीत मात्र त्यांना उलट दिसतं. खाणं गावात आधीपासूनच आहे आणि शर्यत त्याच्या दाराशी येते. २०१४ ला तर बार्बारेस्को ते बारोलो असा एक टप्पाच ठेवला होता, दोन वाइनच्या गावांमधला.

वहीतून त्यांनी स्वतः निवडलेली ठिकाणं: चेझेनातिको, जुना इटालियन सायकलपटू कोप्पी याचं नोव्ही लिगुरे, मांतोव्हा (१९३१ मध्ये जिरोतल्या आघाडीवीराची पहिली गुलाबी जर्सी मिळवणारा लेआर्को ग्वेर्रा तिथलाच, आणि मिलान-मांतोव्हा हा टप्पाही त्यानेच जिंकला होता), सिएना, गिझाल्लोच्या माउलीचं देऊळ आणि स्तेल्व्हिओचा घाट. हातात ११ दिवस आहेत. मे महिन्यात गेलो तर जिरोचा एखादा टप्पा रस्त्याकडेला उभं राहून बघता येईल. पण हे सगळं ११ दिवसांत बसेल का? यातलं काय सोडावं? आणि शाकाहारी माणसाला कुठे काय मिळेल? जाणकारांनी कृपया लिहावं.

— खोपोलीची_लेक

*

बोलोन्याकर: ताई, मी सहा वर्षं बोलोन्यात आहे. पियादिनाची काळजी करू नका. पारंपरिक कृतीत चरबी असते हे खरं, तिला ‘स्त्रुत्तो’ म्हणतात. पण २०१४ मध्ये पियादिना रोमान्योलाला युरोपातलं भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या नियमांत ऑलिव्ह तेलही मान्य आहे. टपरीवर "पियादिना अल्लोलिओ, सेन्झा स्त्रुत्तो" एवढं म्हणा, म्हणजे तेलातली, चरबीशिवायची. बऱ्याच टपऱ्यांवर पाटीवरच लिहिलेलं असतं. मात्र तवा एकच असतो, हे बाबांना आधी सांगून ठेवा.

त्यांना आवडेल अशी एक गोष्ट. पियादिनाची जाडी गावागणिक बदलते. रिमिनीकडची मोठी आणि पातळ, जास्तीत जास्त ३ मिलिमीटर. तिथून उत्तरेला चेझेना, फोर्ली, रावेन्नाकडे गेलात की आकार लहान होतो आणि जाडी ४ ते ८ मिलिमीटर. रिमिनीची माणसं जाड पियादिना खात नाहीत आणि फोर्लीची पातळ खात नाहीत. आपल्याकडे घडीची पोळी आणि फुलका यावरून घरात होतं ना, तसंच.

आत काय भरायचं हा खरा प्रश्न. नेहमीची जोडी म्हणजे स्क्वाक्वेरोने नावाचं मऊ, वाहतं चीज आणि रुकोलाची पानं. पण इथली बहुतेक पारंपरिक चीजं वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. पार्मेजान तर नियमानेच तसं करावं लागतं. बाबा कळल्यावर खात नाहीत म्हणालात, म्हणून आधीच सांगितलं. त्यांच्यासाठी भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची मागा, किंवा ‘क्रेशोने’ मागा. कच्च्या पियादिनात पालेभाजी भरून, अर्धी दुमडून, कडा काट्याने दाबून तव्यावर भाजतात. करंजीसारखा आकार. मात्र भाजीत चीज आहे का ते विचारा.

पास्त्याचं म्हणाल तर रोमान्यातला ताजा पास्ता अंड्याचा असतो. त्याला अपवाद ‘स्त्रोत्साप्रेती’. मुळात नुसतं पीठ आणि पाणी, हातावर पीळ देऊन केलेला. "सेन्झा उओव्हा?" एवढं विचारून घ्यायचं.

चेझेनातिकोला बोलोन्याहून रिमिनी किंवा रावेन्नाला गाडी बदलून या. स्टेशनला लागूनच पंतानीचं संग्रहालय आहे, त्यात त्याच्या सायकली आणि जर्सी आहेत. गावात पुतळाही आहे. गावाच्या मधोमध कालव्यावरचं बंदर आहे, त्याची पाहणी १५०२ मध्ये लिओनार्दो दा व्हिंचीने केली होती. संध्याकाळी त्या काठाने चाला. दोन रात्री तरी ठेवा.

मे महिन्यात एक गोष्ट सांभाळा. ‘नोव्हे कोल्ली’ म्हणजे नऊ टेकड्या, ही हौशी सायकलस्वारांची शर्यत १९७१ पासून याच गावातून निघते. लांबी साधारण २०० किलोमीटर. त्या शनिवार-रविवारी खोली मिळणं अवघड. पण खोली मिळाली तर तोच आठवडा गाठा, असं मी म्हणेन. हजारो माणसं पहाटे निघतात आणि दुपारपासून एकेक करत परत येतात. त्या नऊ टेकड्यांतल्या एका गावाचं नावच पोलेंता आहे, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला पदार्थ, बाबांच्या वहीत दोन्ही रकान्यांत बसेल.

घाटरस्ता: स्तेल्व्हिओ मे महिन्यात विसरा. २,७५८ मीटर उंची आहे, बर्फामुळे रस्ता सहसा मे अखेरीनंतरच उघडतो. प्रातोच्या बाजूने ४८ वळणं आहेत, म्हाताऱ्या माणसाला खाली उभं राहून बघायला सुद्धा तो मोकळाच पाहिजे. १९५३ मध्ये जिरो पहिल्यांदा तिथून गेली आणि कोप्पीने तिथेच शर्यत फिरवली. सप्टेंबरात जाणार असाल तरच धरा. मग बोर्मिओला राहून पित्सोक्केरी खाता येईल. कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, लसूण घालून कढवलेलं लोणी. कुट्टू म्हणजे आपल्या उपासाचा, पण त्यात थोडं गव्हाचं पीठही असतं आणि वर चीज भरपूर, तेव्हा बाबांना चीजशिवाय करून द्या म्हणावं लागेल.

गिझाल्लो मात्र सोडू नका. बेलाज्जोच्या वर, माग्रेल्यो गावात छोटंसं देऊळ आहे. १९४९ मध्ये पोपनी तिथल्या मेरी माउलीला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केलं. आत भिंतींवर सायकली टांगलेल्या आहेत, कोप्पी, बार्ताली या जुन्या सायकलपटूंच्या. १९९५ च्या तूरमध्ये उतारावर पडून मरण पावलेला सायकलपटू फाबिओ कासार्तेल्ली त्याच भागातला, त्याची मोडलेली सायकलही आहे. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि परत येताना उतारावर एकदाही ब्रेक सोडला नाही.

बेसनाचे_लाडू: नोव्ही लिगुरेबद्दल मी सांगते, आम्ही जेनोव्हात तीन वर्षं होतो. तिथे बाबांसाठी हमखास पदार्थ म्हणजे फारिनाता. फक्त हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ! एका भागाला तीन भाग पाणी, चार-पाच तास झाकून ठेवायचं, वर आलेला फेस काढायचा, मोठ्या तांब्याच्या परातीत भरपूर तेल घालून ओतायचं आणि लाकडाच्या भट्टीत. वरून खरपूस, आतून पाटवडीसारखं मऊ. मिरपूड घालून गरमच खायचं. दुकानात परात भट्टीतून बाहेर येईपर्यंत माणसं थांबलेली असतात. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला पिठल्याची खरपुडी आठवली होती.

कोप्पी लहानपणी नोव्हीतल्या एका खाटकाच्या दुकानात कामाला होता, सायकलवरून माल पोचवायचा. तिथूनच सायकल लागली. तुमच्या बाबांना हे नक्की सांगा. गावात ‘कांपिओनिस्सिमी’ म्हणून सायकलचं मोठं संग्रहालय आहे. त्याचं जन्मगाव कास्तेल्लानिया जवळच्या टेकड्यांत आहे, २०१९ मध्ये त्याच्या जन्मशताब्दीला गावाच्या नावातच कोप्पी जोडलं. तो आणि त्याचा भाऊ सेर्से एकत्र तिथे पुरलेत. बस कमी आहेत, गाडी करून जा.

सान्रेमोपर्यंत गेलात तर पिझ्झासारखी ‘सार्देनाइरा’ शाकाहारी समजून घेऊ नका, त्यात मासे असतात. साधी फोकाच्चा, म्हणजे तेल लावून भाजलेला चपटा पाव, घ्या.

घाटरस्ता: सिएनाचं राहिलं. तिथे पिची मागा, पीठ-पाण्याचा जाडसर हाताने वळलेला पास्ता, टोमॅटो-लसणाच्या रश्शात. आणि रिबोल्लिता, म्हणजे शिळा पाव, पांढरे चवळीसारखे दाणे आणि पालेभाजी पुन्हा उकळून केलेलं दाट सूप. जुन्या सायकलींची ‘लेरोइका’ फेरी सिएनाजवळच्या गायोलेहून निघते, तिच्या वाटेतल्या थांब्यांवर अजून हेच वाढतात.

खोपोलीची_लेक: सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा बाबांना पूर्ण वाचून दाखवला. बाबा डबे पोचवायचे तसा कोप्पी माल पोचवायचा, यावर त्यांनी दोनदा थांबवून परत वाचायला लावलं.

ठरलं ते असं. मे महिना, नोव्हे कोल्लीचा आठवडा. चेझेनातिको तीन रात्री, मग सिएना, नोव्ही आणि शेवटी गिझाल्लो. स्तेल्व्हिओ सोडला. मांतोव्हाही सोडला, तिथले भोपळ्याचे तोर्तेल्ली अंड्याच्या पास्त्याचे असतात असं कळलं. चीजबद्दल बाबा म्हणाले, "पोळीबरोबर भाजी असली की झालं."

आज सकाळी आम्ही घरी पियादिना करून बघितली. मैदा, ऑलिव्ह तेल, मीठ, कोमट पाणी. बाबांनीच लाटली, आईच्या लाटण्याने. पहिली फार पातळ झाली, सवयीने. दुसरी त्यांनी पट्टी लावून मोजली, ५ मिलिमीटर. भाजताना काट्याने टोचायची असते म्हणे, ती टोचली, तरी एका बाजूने फुगलीच.

बोलोन्याकर दादा, एकच विचारायचं राहिलं. त्या टपऱ्यांवर पोळ्या सकाळीच लाटून ठेवतात की गिऱ्हाईक आल्यावर लाटतात? बाबांना लाटताना बघायचंय.

बोलोन्याकर: चांगल्या टपरीवर समोरच लाटतात, ताई. सकाळी अकराच्या सुमाराला जा, गर्दी नसते. बाबांना काउंटरच्या लाटायच्या बाजूला उभं करा.