मदत हवी आहे: रेडिएशननंतरच्या पहिल्या एमआरआयमध्ये वाढ दिसते, परफ्युजन आत्ताच करावं का?

माझ्या ताईला (वय ५२) ग्लायोब्लास्टोमा (मेंदूतली वेगाने वाढणारी कर्करोगाची गाठ) आहे. उजव्या टेम्पोरल भागातली गाठ ऑपरेशनमध्ये जवळजवळ पूर्ण निघाली. गाठीच्या जनुक तपासणीत आयडीएच वाइल्ड टाइप (त्या जनुकात बदल नाही), एमजीएमटी मिथायलेटेड (ते जनुक बंद, म्हणून टेमोझोलोमाइड जास्त लागू पडतं). मग नेहमीचा कोर्स: सहा आठवड्यांत ३० सिटिंगमध्ये ६० ग्रे रेडिएशन आणि सोबत रोज टेमोझोलोमाइड (केमोच्या गोळ्या). त्यानंतर महिन्याभराने एमआरआय केला, तर ऑपरेशनच्या पोकळीच्या कडेचा कॉन्ट्रास्ट घेणारा भाग वाढलाय. रिपोर्टचा शेवट: 'गाठ पुन्हा वाढली असावी किंवा स्यूडोप्रोग्रेशन' (म्हणजे उपचारांच्या परिणामाने नुसती वाढल्यासारखी दिसणं). या 'किंवा'ने आमची झोप उडाली आहे.

ताई मात्र बरी आहे. फिट आलेली नाही, डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टिरॉइड) कमी करूनही डोकेदुखी वाढलेली नाही, स्वयंपाकघरात अजून कुणाला शिरू देत नाही. एक डॉक्टर म्हणतात गोळ्या चालू ठेवा, दोन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. दुसरे म्हणतात परफ्युजन आणि स्पेक्ट्रोस्कोपी लगेच करा.

मला समजलं ते असं. कॉन्ट्रास्ट दिसला म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्या गळक्या झाल्यात, इतकंच. त्या गाठीने केल्या की रेडिएशनने, हे साध्या एमआरआयवरून कळत नाही. परफ्युजनमध्ये त्या जागी रक्ताचं प्रमाण किती ते मोजतात. जिवंत गाठ नव्या रक्तवाहिन्या वाढवते म्हणून ते सहसा जास्त येतं, रेडिएशनने इजा झालेल्या भागात कमी. स्पेक्ट्रोस्कोपीत तिथली रसायनं मोजतात: कोलीन (पेशींच्या आवरणातलं) चढलं आणि एनएए (निरोगी चेतापेशींतलं) उतरलं तर गाठीचा संशय, नुसतं लिपिड-लॅक्टेट असेल तर मेलेल्या पेशींचा.

पण ही जागा कवटीच्या तळाजवळ आहे, वर टायटॅनियमच्या पट्ट्या. आकडे बिघडतील का? मशीन ३ टेस्लाचंच हवं का? आणि मनातलं विचारते: पुढे किती काळ हाताशी आहे, याचा अंदाज परफ्युजनवरून येतो का? २००५ च्या मोठ्या चाचणीत रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड मिळालेल्यांचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) १४.६ महिने होतं, त्यातल्या मिथायलेटेड रुग्णांचं २१.७. हे सगळ्यांचं झालं, ताईचं काय?

प्रतिसाद

मी न्यूरोरेडिऑलॉजीत आहे. तुमची समज बरोबर आहे. स्यूडोप्रोग्रेशन पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक दिसतं, आणि मिथायलेटेड रुग्णांत जास्त. म्हणूनच २०१० च्या रानो निकषांत (मेंदूच्या गाठीवर उपचार लागू पडतोय का, हे ठरवायचे नियम) रेडिएशननंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत, रेडिएशन दिलेल्या भागातच वाढ दिसली तर बायॉप्सीशिवाय तिला गाठीची वाढ म्हणत नाहीत. ताई बरी आहे, ही माहितीही स्कॅनइतकीच मोलाची.

परफ्युजन जरूर करा, पण एका आकड्यावर निवाडा करू नका. सीमारेषा प्रत्येक केंद्राची वेगळी असते, आणि एकाच जागी गाठ व रेडिएशनचा परिणाम दोन्ही असतात असं पुष्कळदा होतं. टेस्लापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दर वेळी तेच मशीन आणि तीच पद्धत. परफ्युजनच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत: हाड आणि धातूजवळ डीएससी पद्धत बिघडते, तिथे डीसीई किंवा एएसएल पद्धत जास्त उपयोगी. स्पेक्ट्रोस्कोपीही हाडाजवळ दगा देते. जुने स्कॅन फिल्मवर नको, सीडीवर न्या, आणि स्टिरॉइडचा त्या दिवशीचा डोस फॉर्मवर लिहायला लावा. तरीही गोंधळ राहिला तर अमिनो आम्लाचं पेट स्कॅन (गाठीच्या पेशी अमिनो आम्ल जास्त शोषतात, ते दाखवणारं) होतं. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

किती काळ, याबद्दल: रक्ताचं प्रमाण जास्त असलेल्या रुग्णांचा गट सरासरीने कमी जगतो, हे खरं. पण एका माणसाचे महिने त्यावरून सांगता येत नाहीत. वय, हिंडण्याफिरण्याची ताकद, गाठ किती निघाली आणि मिथायलेशन, यांचं वजन जास्त. यातल्या बऱ्याच गोष्टी तुमच्या ताईच्या बाजूने आहेत.

धागाकर्ती

मनापासून आभार. ऑपरेशनआधीच्या सीडीत परफ्युजन असेल तर तुलनेला चालेल का? की पद्धत वेगळी असेल तर ते बाजूलाच ठेवायचं?