नाशिकचे डोंगर आणि बाऱ्या : तुमची वाट सांगा (अनुभव धागा)

पाऊस उघडीप द्यायला लागला की नाशिककरांचे पाय शिवशिवतात, आणि दर वर्षी बहुतेक सगळे एकाच दिशेला वळतात. हरिहर किल्ला, नाहीतर पहिने. रविवारी त्र्यंबक रस्त्यावरची गाड्यांची रांग बघवत नाही. इकडे सातमाळा रांग रिकामी असते, बागलाणातली सेलबारी-डोलबारी तर शेजारच्या तालुक्यातल्यांनीही पाहिलेली नसते.

म्हणून हा धागा. चढलेला डोंगर, ओलांडलेली खिंड (म्हणजे आमच्याकडची बारी), काहीही चालेल. फक्त "मस्त ट्रेक झाला" एवढ्यावर थांबू नका. वाट कुठून धरली, पाणी कुठे होतं, गावात कोणाला विचारलंत, कुठे जपावं लागतं, हे लिहा. माथा फोटोत दिसतोच, पुढच्याला अडतं ते वाटेपाशी.

सुरुवात मीच करते, साल्हेर किल्ल्यापासून.

नाशिकहून सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर असं करत आम्ही आदल्या संध्याकाळी वाघांब्याला पोचलो. एका घराच्या ओसरीवर झोपायची सोय झाली. रात्री नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि वर लसणाचा ठेचा. पहाटे निघालो तेव्हा साल्हेर आणि सालोटा यांच्यामधली खिंड अंधारातही ओळखू येत होती. शेतं संपली की जो चढ लागतो तो खिंडीपर्यंत सोडत नाही. खिंडीतून साल्हेरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या सुरू होतात, मग एकामागून एक दरवाजे, मग डोंगराच्या पोटाला धरून आडवं चालायचं आणि बाजूला कोरीव गुहांची ओळ.

आमचा वाटाड्या गावातलाच, साठीचा असेल. त्याने पहिल्याच पायरीवर सगळ्यांना थांबवलं. पायरी मधोमध झिजलेली असते, पाणी तिथेच साचतं आणि शेवाळही तिथेच धरतं, तेव्हा पाय भिंतीच्या कडेला टाका, असं त्याने बोट फिरवून दाखवलं. दगडाची कड अजून खरखरीत होती, मधला भाग मात्र गुळगुळीत. त्या दिवसापासून कुठल्याही किल्ल्यावर माझा पाय आपोआप कडेलाच जातो.

वरच्या पठारावर गंगासागर तलाव, जवळच रेणुकादेवीचं मंदिर आणि मुक्काम करता येईल अशा गुहा. शेवटचा चढ परशुराम मंदिराचा. उंची १५६७ मीटर, म्हणजे राज्यात कळसूबाईच्या (१६४६ मीटर) खालोखाल आणि किल्ल्यांमध्ये सगळ्यात उंच. परशुरामाने इथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला, अशी कथा आहे. एका बाजूला मांगी-तुंगी, मुल्हेर, मोरा, हरगड, दुसरीकडे डांगचं जंगल. १६७२ मध्ये याच परिसरात मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं, सूर्याजी काकडे इथेच पडले. फौजा कुठून आल्या असतील, कुठे भिडल्या असतील, याचा वरून अंदाज बांधत आम्ही बराच वेळ बसलो होतो.

उतरताना साल्हेरवाडीकडून उतरा, पूर्ण डोंगर बघून होतो. जुलै २०२५ मध्ये साल्हेर जागतिक वारसा यादीत आला, तेव्हा गर्दी वाढणारच. पायथ्याच्या घरांना त्यातून चार पैसे मिळावेत असं मनापासून वाटतं. घरून डबे भरून नेण्यापेक्षा गावात जेवण सांगा.

*त्र्यंबक तालुक्यातून, वाटाड्याचं काम करणारा*

ताईंनी हरिहरच्या गर्दीचं लिहिलं म्हणून लिहितो. आमचं घर निरगुडपाड्याच्या बाजूला. हरिहर चांगला आहे, पण रविवारी येऊ नका. पायऱ्यांची जी सरळ उभी ओळ आहे तिच्यावर एका वेळी एकच माणूस नीट चढू शकतो. वरून उतरणारे आणि खालून चढणारे समोरासमोर आले की बाजूला व्हायला जागाच नाही. मागे एक शहरातला ग्रुप शंभराच्या आसपास माणसं घेऊन आला, सोबत दोर नाही, पुढे-मागे जाणता माणूस नाही. एक मुलगी मधल्या पायरीवर घाबरून बसली. खालचे ओरडत होते, वरचे ढकलत होते. आम्ही दोघांनी तिच्या खाली उभं राहून तिचा एकेक पाय हाताने पायरीवर ठेवत तिला उतरवलं.

पायऱ्यांना दोन्ही बाजूंना हात घालायला खोबण्या आहेत. त्या ज्याने कोरल्या त्याने माणसाच्या हाताचा विचार केला होता. पण पावसात त्यांच्यात पाणी आणि चिखल असतो, आधी बोटांनी साफ करा, मग जोर द्या. उतरताना तोंड दगडाकडे, पाठ दरीकडे. पहिला दरवाजा आला म्हणजे संपलं असं नाही. पुढे कातळाच्या खालून वाकून जायचं आहे आणि परत पायऱ्या आहेत. माथ्यावर तळं, मारुती आणि एक दगडी कोठार आहे. माकडं पिशव्या ओढतात, हातात खाऊ धरू नका.

मधल्या वारी या. आम्हालाही तुम्हाला नीट दाखवता येतं.

*गंगापूर रोड*

चौथीतल्या मुलाला घेऊन कुठे जावं? त्याचा पहिलाच डोंगर असेल.

*नाशिकमधून, वनस्पतिशास्त्र शिकवते*

वरच्या प्रश्नाला माझं उत्तर अंजनेरी. गावापासून वर गेलं की पायऱ्या, वाटेत जैन लेणं, मग मोठं पठार, अंजनीमातेचं मंदिर आणि तळं. मुलाला पळायला जागा आहे. फक्त कड्याच्या बाजूला हात सोडू नका.

मी तिथे सप्टेंबरमध्ये जाते. सोनकी आणि तेरड्याने पठार भरलेलं असतं, पण मला ओढ असते ती सेरोपेजिया अंजनेरिकाची. या कंदीलपुष्पाची नोंद शास्त्रात २००६ मध्ये झाली आणि नाव डोंगरावरूनच मिळालं. गवतातून शोधावं लागतं. फुलाला खाली फुगीर तळ, वर नळी. छोट्या माशा वासाने आत शिरतात आणि नळीतले केस आतल्या बाजूला वळलेले असल्यामुळे त्यांना लगेच बाहेर पडता येत नाही. फूल जुनं झालं, केस सुकले, की माशी पराग घेऊन सुटते. विद्यार्थ्यांना हे दाखवताना सगळे गुडघ्यावर बसतो आणि अर्धा तास कोणी उठत नाही.

कृपया फोटोसाठी पठारावर लोळू नका, गाडी वर चढवायचा तर विचारही नको. ही रोपं फार थोड्या जागी उरली आहेत आणि पायाखाली गेलेलं रोप दिसतही नाही. डोळे कड्याकडेही ठेवा, गिधाडं अजून तिथे घरटी करतात. कड्याजवळ आवाज नको.

*इगतपुरी, रेल्वेतून निवृत्त*

डोंगर चढणाऱ्यांनी आमचा थळ घाट विसरू नये. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर (मागून ढकलणारी) इंजिनं लागतात, कारण चढ ३७ ला १ आहे, म्हणजे दर ३७ मीटरला १ मीटर. ही लाइन १८६५ मध्ये सुरू झाली. पावसात दरवाजात उभं न राहता खिडकीतून बघा, बोगदा, दरी, धबधबा, परत बोगदा. नोकरीत असंख्य वेळा हा घाट चढलो तरी इगतपुरी आली की अजून खिडकीकडे जातो. इगतपुरीला उतरून घोटीमार्गे बारी गावी गेलात की कळसूबाई. शिड्या पक्क्या आहेत, शेवटच्या शिडीच्या खाली विहीर आहे. नवरात्रात आसपासच्या गावांतली माणसं दर्शनाला चढतात, तेव्हा जरूर जा.

*कळवण*

आमच्याकडे सगळे सप्तशृंगीला येतात आणि समोरचा मार्कंड्या डोंगर न बघता परत जातात. वणीकडून बाबापूरच्या रस्त्याने मुळाणे बारीत या. बारीच्या एका अंगाला रवळ्या-जवळ्या, दुसऱ्या अंगाला मार्कंड्या. वाट मळलेली आहे, कारण सोमवती अमावास्येला आमची माणसं वर जातात. माझी आजी सत्तरीतही अनवाणी चढायची. मार्कंडेय ऋषी तिथे बसून सप्तशती सांगत आणि देवी मान कलती करून ऐकते, म्हणून मूर्तीची मान तशी, असं ती मला प्रत्येक वेळी त्याच जागी थांबून सांगायची. वरच्या टाक्यांमध्ये पाणी असतं, पण उन्हाळ्यात त्यावर विसंबू नका.

*सिडको*

धोडप. हट्टी गावातून चढा. खालून बघितलं तर माथा शिवलिंगासारखा आणि त्याला लागून लांब कातळभिंत, मध्ये एक मोठी खाच. ती खाच जवळून बघायला म्हणून मी गेलो होतो. भिंतीच्या टोकाला उभं राहिलं की वारा खालून वर येतो. मुक्काम गुहेत, शेजारी पिण्याचं पाणी. १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी राघोबादादांना इथेच नमवलं. शेजारचा इखारा सुळका दोराशिवाय करू नये. पहिलीच वेळ असेल तर एक दिवस धोडपलाच द्या, दुसऱ्या किल्ल्याला जोडू नका.

*चांदवड, शेतकरी*

सातमाळ्याच्या आमच्या टोकाचं कोणी लिहिलं नाही म्हणून. कांचनबारी बघा. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेहून परतताना महाराजांची दाऊदखानाशी गाठ पडली ती याच भागात. लूट पायदळाबरोबर पुढे लावून दिली आणि घोडदळ घेऊन ते स्वतः मागे लढले. चढ फार नाही, पण बारीत उभं राहिल्यावर दोन्हीकडची उघडी जमीन दिसते आणि ही जागा का महत्त्वाची होती ते न सांगता कळतं.

कांचनाला खेलदरीकडून जायचं. वाटेत आमचे कांदे आणि द्राक्षं आहेत. बांधावरून चाला, वाफ्यातून नको, ठिबकच्या नळ्या पायाखाली फुटतात. फाटक उघडलं तर लावून घ्या. कोणी शेतात दिसलं तर विचारा, माणूस हातातलं काम टाकून वाटेला लावून देईल. मार्चनंतर वर थेंब नाही, खालूनच माणशी तीन-चार लिटर भरून घ्या. आग्या मोहोळं कड्याला लटकलेली असतात, तेव्हा विडी-सिगारेट, धूर, अत्तर काही नको.

*सटाणा*

मुल्हेर, मोरा आणि हरगड एका दमात करणारे भेटतात. होतं, पण हरगडावर वाट गवतात हरवते. मुल्हेर गावातून माणूस घ्या. आमच्याकडे म्हातारी माणसं विचारतात, "कथा जाई ऱ्हायनात?" (कुठे चाललात?) उत्तर नीट द्या. संध्याकाळी परत आला नाहीत तर शोधायला तीच माणसं निघतात.

*धागा काढणारी*

गंगापूर रोडवाल्या ताई, अंजनेरीला जाणार असाल तर सकाळी सातच्या आत गाव सोडा आणि तीनच्या आत खाली या, दुपारनंतर पठारावर धुकं उतरतं. अजून अहिवंत, अचला, हातगड, अंकाई-टंकाई आणि त्रिंगलवाडी राहिले आहेत. कोणी गेलं असेल तर पाण्याचं आणि वाटेचं आधी लिहा.