जत्रेतल्या दशावतारासाठी ३५ की ५० एमएमची लेन्स? (कॅमेरा निकॉन डी५६००)

खाडीकाठ:
कुडाळजवळच्या आमच्या गावची जत्रा महिन्यावर आलीय. गेल्या वर्षी कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ किट लेन्सने रात्रभर नाटक काढलं. राजा तलवार फिरवायला लागला की फोटोत नुसता धूर. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) वाढवला तर चेहऱ्यावर रांगोळी. फ्लॅश मारायचा नाही. एकच प्राइम (झूम नसलेली लेन्स) परवडेल, १.८ वाली (हा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं, उजेड जास्त). ५० एमएमची जुनी डी लेन्स स्वस्तात मिळतेय, घेऊ?

सड्यावरचा:
डी नको. तुमच्या कॅमेऱ्यात फोकस मोटर नाही, त्यामुळे ती हाताने फोकस करावी लागेल. पहाटे तीनला पेंगत जमणार आहे का? जी घ्या, तिच्यात स्वतःची मोटर असते.

किट लेन्स ५५ ला ५.६ वर अडकते. १.८ वर जवळजवळ दहापट उजेड येतो, म्हणजे शटर १/१५ सेकंद मिळत होता तिथे १/१५०. पण ५० वर तीन मीटरवरून जेमतेम वीतभर खोली फोकसमध्ये राहते. मुकुट शार्प, डोळे गेले, असं होतं.

गजालीकार:
फ्लॅश नाय म्हटलंस ता बरा केलंस. पण बसतंस खय? पायपेटीच्या (मंचालगतच्या हार्मोनियमच्या) बाजूक जागा गावली तर ३५च घे. ५० तुझ्या कॅमेऱ्यार ७५ सारखी दिसता, मगे संकासुर राक्षसाचा नुसता तोंडच येतला.

सड्यावरचा:
बरोबर. शंका असेल तर किट लेन्स ३५ वर ठेवून आठवडाभर झूमला हात लावू नका, घरातच कळेल.

आणखी एक. हल्ली मंडपात एलईडी असतात, स्वस्तातल्या सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. आडवे पट्टे दिसले तर शटर १/१०० वर आणा. मागे काळोख असल्याने कॅमेरा फसतो आणि रंगवलेले चेहरे जळतात. एक्स्पोजर एक स्टॉप खाली (निम्मा उजेड), फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल).

भरतीओहोटी:
जुनी घ्याल तर टॉर्च मारून बघा. आपल्या दमट हवेत काचेत बुरशी धरते. माझी पावसाळाभर कपाटातल्या बॅगेत राहिली, आता आत कोळ्याचं जाळं. सिलिका जेल घालून घट्ट डब्यात ठेवा.

खाडीकाठ:
३५ जी घेतली, नवी. जत्रा काल झाली. १.८ वर पहिले चाळीस फोटो वाया, मग २.८ वर आलो. गणपती छान आलाय. संकासुर मात्र एका जागी उभा राहील तर शपथ!

गजालीकार:
तो उभो रवलो तर संकासुर कसलो? फोटो टाक.